वसुमतीबाईंचं प्रस्थान

राजगोपालने कोलंबोहून कुणाच्या तरी हाती ती निळी पिशवी पाठवली, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका ती बघायला आल्या. झिपची, खांद्याला अडकवायची, उशीएवढी. बरोबर निरोप होता : 'आई, विमानानं ये. पेटी आणू नकोस, उतरल्यावर तिची वाट बघत ताटकळणं तुला जमायचं नाही. या पिशवीत मावेल तेवढंच घे.'

वसुमतीबाईंना हसू आलं. कुंभकोणमला लग्नाला जायचं तरी त्यांच्या घरातून दोन पेट्या आणि एक वळकटी निघायची. पण नवऱ्यामागे हा एकच मुलगा उरला होता, आणि नोकरीवर गेल्यापासून तो दिसला नव्हता. त्याला एकदा डोळे भरून पाहायचं, आणि जाता जाता विमानातून कावेरी पाहायची, एवढंच आता त्यांना हवं होतं.

मुहूर्त ठरला. मुहूर्ताचा दिवस उजाडला, पण पासपोर्ट काही आला नाही. मग आपल्यात करतात तेच त्यांनी केलं. प्रस्थान ठेवलं. माणसाला निघता येत नसेल तर त्याचं सामान तरी वेळेवर निघावं, म्हणून ते जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. विमान तिरुचिरापल्लीहून सुटायचं, म्हणजे दिशा पश्चिमेची. पश्चिमेला शेजारी शेषम्मा. पिशवी शेषम्माच्या कोनाड्यात जाऊन बसली. वरातीमागून घोडं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. इथे घोडं पुढे गेलं आणि वरात घरीच राहिली.

पासपोर्ट आला तर तिकडचा परवाना अडला. प्रस्थान एका जागी फार दिवस राहू देत नाहीत.

"अक्का, कागद येईतोवर परत ने की घरी," शेषम्मा म्हणाली.

"अय्यो, भलतंच! मागं आणलं तर माझी वाटच मोडली. पुढं नेते."

आणि त्यांनी पिशवी पलीकडच्या घरी नेली. काही महिन्यांनी त्याच्या पलीकडे. अशी ती पिशवी मुंगीच्या पावलाने गल्लीतून पश्चिमेला चालू लागली. कुणी चेष्टा करायचं, "वसुमतीअक्का, विमान कुठवर आलं?" त्याही हसून सांगायच्या, "हनुमंतरावांच्या माजघरात उतरलंय."

दर मुक्कामाला त्या दुपारी जेवणानंतर तिथे जात आणि पिशवी नव्याने भरत. पहिल्या खेपेला झिप लागता लागेना, त्यांनी आणि शेषम्माने वर बसून लावली होती. पुढे हात शिकला. लुगडं घडी न घालता चटईसारखं घट्ट गुंडाळायचं. चोळ्या पेल्यात कोंबायच्या, पेला तांब्यात, म्हणजे पोकळी अशी उरतच नाही. मेतकुटाची पुरचुंडी कडेच्या सांदीत. जुनं मेतकूट त्या काढून त्या घरच्या मुलांना द्यायच्या आणि ताजं भरायच्या. हळूहळू त्यांना उमगलं, की काय लागेल हे विचारत बसलं तर घर उचलून न्यावं लागतं. कशावाचून चालेल हे विचारायचं. चादर गेली, दुसरी वहाण गेली, फणेरपेटी गेली. वर मूठभर जागा मोकळी राहू लागली. ती मात्र त्यांनी भरली नाही. येताना राजा काहीतरी देईल, त्याला जागा नको?

भरून झालं की पिशवीवर हात ठेवून त्या भिंतीला टेकायच्या. डोळा लागे न लागे तोच जमीन सुटायची. मोठ्या देवळाचा कळस बोटाएवढा व्हायचा, तिरुवैयारूचे घाट दिसायचे, कावेरी भातशेतांतून लुगड्याच्या काठासारखी जायची. पापनाशमची गाडी धूर सोडत रांगायची. अशा वेळी कुणी कॉफी आणून हाक मारली की त्यांना मनापासून राग यायचा.

चौसष्ट साली पिशवी गल्लीच्या टोकाला, तुळजारामरावांच्या घरी पोचली. त्यापुढे घर नव्हतं, नुसती बसची सडक. आणि त्याच आठवड्यात कळलं, परवाना मिळणार नाही. तिकडचे कायदेच बदलले होते.

वसुमतीबाई तुळजारामरावांच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर. पुढे न्यायला घर नाही, मागे न्यायचं धैर्य नाही. इतकी वर्षं हसणाऱ्या बाईला त्या दिवशी भर रस्त्यात रडू फुटलं. तुळजारामराव शेजारी येऊन बसले. मग रोज दुपारी त्या तिथेच येऊन बसू लागल्या.

अशाच एका दुपारी सडकेवरून एक टॅक्सी वळली आणि गल्लीच्या तोंडाशी, तुळजारामरावांच्याच घरापाशी थांबली. आतून टक्कल पडू लागलेला एक माणूस उतरला. तो ओट्याकडे पाहतच राहिला.

"आई? तू इथं?"

"तुझ्याकडंच निघालेय रे, राजा," त्या म्हणाल्या.

त्याची तिकडची नोकरीही सुटली होती. तो कायमचा आला होता. बऱ्याच वेळाने, डोळे पुसून झाल्यावर, त्याने आईची पिशवी उचलली आणि गल्लीत पाऊल टाकलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या. शेषम्मा दचकून ओरडली, "अक्का, प्रस्थान मागं आणतेस?"

"मागं कुठलं? ज्याला भेटायला निघाले तो वाटेत भेटला. प्रवास जाहला माझा."

हे त्या खरंच मानत होत्या. तरी घरी आल्यावर पिशवीची झिप उघडताना त्यांचा चेहरा उतरला. कावेरी राहिली होती.

राजगोपालने आत पाहिलं, ती मूठभर मोकळी जागा पाहिली, आणि खिशात हात घातला. विमान उडताना वाटतात ती लिमलेटची गोळी आणि कानात घालायचा कापूस. दोन्ही त्याने वापरलं नव्हतं. आईसाठी ठेवलं होतं. ते त्याने त्या जागेत ठेवलं.

वसुमतीबाईंनी कापूस कानांत घातला. गोळी तोंडात टाकली. मग पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटले.

"आई, जेवायला..." तो म्हणाला.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "आत्ता कुठं खाली तिरुवैयारू दिसतंय."