दाताची खाच आणि पुसदची सोयरीक

माझं लग्न मी एक शब्दही न बोलता जमवलं.

मला ओळखणारी माणसं हे ऐकून हसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. कळंबच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो, की गाडी लागेपर्यंत आजूबाजूच्यांची आजारपणं, सोयरेधायरे आणि भावकीतली भांडणं मला पाठ झालेली असायची. (दोनदा या नादात गाडीच निघून गेली.) "याच्या जिभेला हाड नाही," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते दिवस असे होते, की कापसाला भाव नव्हता आणि कापूस पिकवणाऱ्या पोराला मुलगी नव्हती. त्यातूनही जी चार स्थळं चुकून आली, ती मी बोलून घालवली. एका मुलीच्या वडिलांना तर मी बोंडअळीचा अख्खा जन्म समजावून सांगितला होता, तोही पोहे खाता खाता!

मग पुसदचं स्थळ आलं. मुलगी सुजाता, बालवाडीत शिकवायची. फोटो पाहूनच मी गार झालो होतो.

"या टायमाले तोंड बंद ठेवजो, बाप्पा," आई म्हणाली. "हे गेलं तं मंग कोणी येत नाही."

पुसदला जायच्या दोन दिवस आधी अंगणात कापसाचा ढीग पडला होता. कापूस नीट वाळला की नाही, हे आमच्याकडे त्यातली सरकी दातानं फोडून पाहतात. कट्ट वाजली की वाळला. सरकी दाढेखाली धरायची असते. मी बोलत होतो, त्यामुळे ती समोरच्या दातांत आली, आणि तिच्यासोबत एक खडाही आला. कट्ट वाजलं.

"वाळला!" बाबा खूश होऊन म्हणाले.

वाळलाबिळला काही नव्हता, माझा वरचा दात उभा चिरला होता.

दुसऱ्या दिवशी आई मला यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"दात काढावाच लागेल. पण नुसता काढून सोडला, तर तिथलं हाड हळूहळू झिजून बसतं. मग पुढे नवा दात रोवायला जागाच उरत नाही. म्हणून तो खड्डा आपण आत्ताच भरून घेऊ."

"कायनं भरता?" आईनं विचारलं.

"यांचंच थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं. त्याचा दह्यासारखा घट्ट थर निघतो. तो आणि हाडाची पावडर खड्ड्यात भरायची, वरून टाके घालायचे. त्या आधारानं नवं हाड धरतं."

"म्हणजे इहीर ढासळू नये म्हणून आधीच बांधून काढायची."

"अगदी तसंच, मावशी."

आईनं जरा विचार केला. "मंग डॉक्टरसाहेब, थोडी पावडर उरली तं याच्या जिभेतही भरून द्या ना."

डॉक्टर खळखळून हसले. आई हसत नव्हती.

काम झालं. डॉक्टरांनी सूचना दिल्या: आठ दिवस थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, गरम-तिखट नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर अजिबात नाही, वरचा ओठ ताणायचा नाही, आणि बोलणं कमी. शेवटची सूचना ऐकताना आईच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं. घरी पोचेपर्यंत "बोलणं कमी"चं "बोलणं बंद" झालं होतं.

"पुसदचं जाणं पुढं ढकलू काय?" बाबांनी विचारलं.

"कायले? असा गप्प पोट्टा मले पुन्हा भेटते काय?" आई म्हणाली. "अन् दाताचं नाव कोणी काढायचं नाही. लोक म्हणतीन, आत्तापासूनच बोळका हाय."

पुसदला सुजाताच्या वडिलांनी दारातच हाक दिली, "जय भीम, जय भीम! या, बसा!" मी ओठ मिटून हात जोडले आणि कमरेपर्यंत वाकलो.

"काय नम्र पोट्टा हाय!" ते म्हणाले.

पोहे आले. वरची तिखटजाळ तर्री मी बाजूला सारली, आणि कोरडे पोहे चमच्यानं गालाच्या कोपऱ्यातून आत ढकलत राहिलो. "साधं जेवण हाय वाटते पोराचं," सुजाताची आई म्हणाली. मग सुजाताच्या काकांनी खिशातून पुडी काढली. "घ्या पाहुणे, आत्ताच घोटलेला खर्रा हाय." तोंडाला पाणी सुटलं हो! पण मी विस्तवाला हात लागल्यासारखा मागे सरकलो.

"निर्व्यसनी!" काका सगळ्यांकडे पाहून म्हणाले. (कळंबच्या पानठेल्यावर हे ऐकू गेलं असतं, तर ठेलेवाला फळीवरून खाली पडला असता.)

शेतीचं विचारलं, बाबांनी सांगितलं. माझं मत विचारलं, आईनं सांगितलं. मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. आपण आधीच गप्प बसायला हवं होतं, असं वाटून गेलं.

मग आम्हा दोघांना मागच्या खोलीत बसवलं. दाराला नुसता पडदा होता.

"शेतीत मन लागते तुमचं?" सुजातानं विचारलं. मी मान हलवली.

"लग्न झाल्यावर माही बालवाडी सोडायला लावसान?" मी जोरजोरात नकाराची मान हलवली.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी मघापासून पाहून राह्यली. तुमची आई बोलते, बाबा बोलतात, तुम्ही नाही. मनात नसंल तं सरळ सांगा ना. जबरदस्तीनं आणलं काय तुमाले?"

आणि ती उठली. ही मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि ती समजत होती की मलाच ती नको आहे! आईचा हुकूम गेला खड्ड्यात. मी बोटानं ओठ हळूच उचलला आणि तिला खाच दाखवली, काळ्या टाक्यांसकट.

"माय वो!" ती खाली बसली. "हे कसं झालं?"

मी हातांनी सांगायला लागलो. चिमटीत आधी सरकी धरली, मग खडा धरला, दात तुटल्याचं दाखवलं, दंडात सुई खुपसली, मशीन म्हणून हात गरगर फिरवला, तळहातावर पावडर मळली आणि ओठाखाली भरली. नेमकं त्याच वेळी काकांनी पडद्यातून डोकावलं.

"अरे बापरे!" काका ओरडत बाहेर पळाले. "पोट्टा मुका हाय! अन् सुईही घेते! अन् तळहातावर मळून काहीबाही खाते!"

बाहेर एकच गलका झाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा सुजाताचे वडील उभे होते. "मुका पोरगा आमच्या गळ्यात मारून राह्यले काय?"

आईला राहवलं नाही. "मुका? अवो, हा मुका असता तं आमी सुखात नसतो काय? झोपेतही बोलते हा! याच्या बडबडीनं चार सोयरिकी मोडल्या!"

आपण काय बोललो ते आईच्या लक्षात आलं. बाबा पंख्याकडे पाहायला लागले.

"मंग बोलून दाखवा म्हणा," काका म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हाड जावो नाहीतर राहो, म्हणत मी तोंड उघडलं.

"बोलू नका! टाके तुटतीन!" सुजाता मागून ओरडली. आणि मग तिनंच सगळं सांगितलं. सरकी, दात, फिरवलेलं रक्त, भरलेली पावडर. खडासुद्धा सोडला नाही.

"तुले हे कोणं सांगतलं?" काकांनी विचारलं.

"यायनंच."

"पण हा तं बोललाच नाही!"

"माह्या बालवाडीतली अर्धी लेकरं असंच सांगतात, काका."

तिचे वडील आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, आणि पुन्हा चहा ठेवायला सांगितला. मी माझा निवू दिला, साय धरेपर्यंत. निघायच्या आत होकार आला.

हाड छान धरलं. डॉक्टरांनी पुढे त्यावर नवा दात बसवला, तो अजून जागचा हललेला नाही. सरकी आता मी दाढेखालीच धरतो.

लग्नानंतर एकदा सुजाताला विचारलं, "आईनं माह्या बडबडीचं सारं सांगतलं, तरी तू हो काहून म्हटलं?"

"एवढा बोलणारा माणूस," ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं म्हणून हूं की चूं न करता बसला. म्हटलं, हा सांगतलेलं ऐकते."

डॉक्टरांनी माझे टाके आठव्या दिवशी काढले. सुजातानं अजून काढलेले नाहीत.