जे फुकट मिळाले

त्या शनिवारी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितले की एस्तेरच्या पेशी फारच खाली गेल्या आहेत, हिरड्यांतून रक्त यायला लागले आहे, आणि दुपारपर्यंत तिला प्लेटलेट्स मिळायलाच हव्यात. एस्तेर माझी पत्नी. चार दिवसांपूर्वी साधा ताप म्हणून सुरू झालेले दुखणे डेंग्यू निघाले होते. डॉक्टर म्हणाले, गट बी निगेटिव्ह आहे, रक्तपेढीत शिल्लक नाही, तुम्हालाच माणूस आणावा लागेल. मी मान डोलावली. चाळीस वर्षे मी चर्चच्या मंडळीत उभा राहून मोठ्याने प्रार्थना करत आलो आहे, लोक म्हणतात माझी प्रार्थना ऐकावी. पण त्या घटकेला मला एक शब्द सुचला नाही. उलट मनात आले ते असे, की मी इतकी वर्षे नेमाने दिले, नियमाने वागलो, मग हे माझ्या घरात का? देवापुढे मी जणू माझी पात्रता मांडत होतो.

पात्रता हा माझा आवडता शब्द. तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. मी करसल्लागार. सोलापुरात तीस वर्षे दुकानदारांची आणि चादरीच्या कारखानदारांची विवरणपत्रे भरत आलो. लोक घाम गाळून कमावतात आणि त्यातला वाटा सरकारला देताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. कर असावा, पण रस्ते, पोलीस आणि न्यायकचेरी यांपुरता, असे माझे मत. दान ही माणसाने माणसाला स्वतःच्या हाताने द्यायची गोष्ट आहे. सरकारने एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिले की देणाऱ्याचे प्रेम जाते, घेणाऱ्याची कृतज्ञता जाते, आणि उरतो तो फक्त हक्क. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील अनाथ, मिशनच्या बोर्डिंगात वाढले. थंडीत त्यांना ज्या बाईने स्वेटर विणून दिला तिचे नाव त्यांना मरेपर्यंत पाठ होते, आणि दर रात्री जेवणाआधी ते तिच्यासाठी प्रार्थना करत. ते म्हणायचे, सरकारच्या हाताला नाव नसते, मग प्रार्थना कुणासाठी करायची?

मी नुसता बोलत नव्हतो, देतही होतो. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायला कधी चुकलो नाही. मंडळीने गरीब निधी माझ्याकडे सोपवला होता. कुणी मदत मागायला आले की मी विचारपूस करायचो. घरात कुणी पितो का, हातपाय धड आहेत का, मुले कामाला लागण्याजोगी आहेत का. ज्याला काम करता येते त्याला आयते खाऊ घालणे म्हणजे त्याचे वाटोळे करणे, हे मी अगदी मनापासून मानायचो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याच मंडळीतल्या सुलोचनाबाई आल्या होत्या. विडी वळून पोट भरणारी विधवा बाई, मोतीबिंदूने पान दिसेनासे झालेले. त्यांचे दोन मुलगे कमावते होते, म्हणून मी त्यांना समजावून परत पाठवले. सरकारी शिबिर असते, तिथे ऑपरेशन फुकट होते, तिकडे जा, म्हणालो. त्या “बरं” म्हणून गेल्या, आणि मी ते विसरूनही गेलो.

तर त्या सकाळी मी धावत खाली खिडकीवर गेलो. रक्ताच्या पिशवीच्या संचाचे पैसे आधी भरायचे होते. आमचे रुग्णालय धर्मादाय, त्यामुळे पैसे भरणारे आणि सरकारी योजनेतले रुग्ण यांना एकच खिडकी. माझ्यापुढे योजनेवाल्यांची रांग. कुणाचे रेशनकार्ड सापडत नव्हते, कुणाचा अंगठा मशीन घेत नव्हते, आणि कारकून एकेक कागद उलटसुलट करत बसला होता. माझा तोल गेला. मी मोठ्याने म्हणालो, “आम्ही जन्मभर कर भरायचा, यांनी फुकट उपचार घ्यायचे, आणि वर आम्हीच रांगेत थांबायचं.” पुढच्या दोघांनी मुकाट्याने सरकून मला जागा दिली. मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही, पैसे भरले आणि निघालो.

पुढचे तीन तास मी फोन करत होतो. मंडळीतल्या ज्या ज्या माणसाचा गट मला माहीत होता त्याला विचारले. कुणी हात आखडता घेतला असे मी म्हणणार नाही. एकजण कुर्डुवाडीहून मिळेल त्या गाडीने आला, पण त्याच्याच पेशी कमी भरल्या. दुसरा आला, त्याच्या शिरा इतक्या बारीक की मशीनची सुई घेईनात. तिसऱ्याला आठवड्यापूर्वीच ताप येऊन गेलेला. चर्चचे पाळक येऊन एस्तेरच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. बारा वाजून गेले. एस्तेरच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले होते. ती मला म्हणाली, “तुम्ही काहीतरी खाऊन घ्या.” मी बाहेर येऊन रक्तपेढीच्या बाकावर बसलो. आता माझ्याकडे विचारायला कुणी उरले नव्हते. पहिल्यांदाच मी काहीही न मांडता, काहीही न सांगता नुसते म्हटले, “प्रभू, माझ्या हातात काही नाही.”

मला चमत्काराची गोष्ट सांगायची नाही. घडले ते एवढेच, की थोड्या वेळाने एक माणूस पेढीच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. उन्हाने रापलेला, खांद्यावर टॉवेल, पायांत जाड वहाणा. त्याने आतल्या मुलीला विचारले, बी निगेटिव्ह हितंच पायजे का? ती हो म्हणाली. तो म्हणाला, “माजा त्योच हाय. घ्या.”

त्याची तपासणी झाली, आणि सगळे जुळले. जवळजवळ दीड तास तो हाताला मशीनची सुई लावून पडून होता. त्याचे रक्त नळीतून बाहेर जात होते, पिवळसर पेशी एका पिशवीत उतरत होत्या आणि उरलेले रक्त पुन्हा त्याच्या अंगात परतत होते. मी शेजारी स्टुलावर बसलो. त्याचे नाव बिराप्पा. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वाडीवर त्याची मेंढरे. आईच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते, ती वरच्या मजल्यावर जनरल वॉर्डात होती. आईसाठी म्हणून त्याचे रक्त तपासले तेव्हा त्याला आपला गट कळला होता, पण तो आईला चालला नाही, दुसऱ्याच कुणाचे तरी द्यावे लागले. वॉर्डात नर्सच्या तोंडून त्याने ऐकले की खाली बी निगेटिव्हसाठी कुणाचे तरी अडले आहे.

मी त्याचे आभार मानले आणि विचारले, तुम्ही आम्हाला ओळखत नाही, मग कसे आलात? तो छताकडे पाहत होता. मग त्याने मान माझ्याकडे वळवली.

“वळकतो की,” तो म्हणाला. “सकाळी रांगेत तुमी बोलला, तवा मी फुडंच हुतो. हितं बाकावर तुमाला बघितलं तवाच कळलं, अडलंय ते तुमचंच.”

आता हा उठून जाईल, किंवा निदान चार शब्द सुनावेल, असे वाटले. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. तो सावकाश बोलत होता, मशीनची घरघर चालू होती.

“मला वाटायचं, आईचं आपरेशन सरकारनं केलं. सरकार म्हंजी कोन, कुटं असतंय, काय ठावं न्हाय. तुमी बोलला तवा कळलं, की ह्यो पैका माणसांचा हाय. तुमच्यासारख्यांनी भरलाय म्हनून आई वाचली. मग तुमच्याच घरात अडलंय म्हनल्यावर कसं बसून ऱ्हायचं?”

मी त्याला हिणवायला जे वाक्य फेकले होते, ते त्याने उचलून कृतज्ञता म्हणून स्वतःजवळ ठेवले होते. सरकारी मदतीने माणसाची कृतज्ञता मरते हे मी आयुष्यभर सांगत आलो, आणि ती माझ्यासमोर हाताला सुई लावून पडली होती. बरे, त्याने माझे मत खोडले असेही नाही. सरकार देत नाही, माणसे देतात, हे तर माझेच म्हणणे. फक्त त्याचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा नीट कळला होता. मी भरलेला प्रत्येक कर कुरकुरत भरला होता. माझ्या त्या कुरकुरत्या पैशातला एखादा कण त्याच्या आईपर्यंत पोचला असेल, आणि त्याबद्दल तो मला धन्यवाद देत होता. तो धन्यवाद घेण्याचा मला काहीएक अधिकार नव्हता.

मशीन थांबल्यावर मी खिशातून पाकीट काढले. त्याने हात आडवा धरला. मी म्हणालो, निदान जेवा तरी. तो म्हणाला आईला भरवायचे आहे. मग मी आतल्या मुलीला म्हटले, माझे रक्त घ्या, कुणालाही द्या. तिने माझे वय आणि साखर विचारली आणि हसून म्हणाली, “काका, तुमचं नाही चालणार.” अपात्र. हा शब्द मी किती जणांना ऐकवला असेन, माझ्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला. मला काही परत करता येत नव्हते. नुसते घेऊन गप्प राहायचे होते, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याइतके अवघड काही नव्हते.

पिशवी वर गेली. संध्याकाळी एस्तेरचे रक्त येणे थांबले आणि दोन दिवसांनी पेशी आपोआप वर चढू लागल्या. मी तिला सगळे सांगितले, रांगेतल्या वाक्यासकट. ती म्हणाली, “सुलोचनाबाईंना तुम्ही कुठं पाठवलं होतं?” सरकारने दान करू नये म्हणणारा मी, दारात माणूस आल्यावर त्याला सरकारकडेच पाठवून मोकळा झालो होतो. ते एस्तेरने न रागावता दाखवून दिले. तिला घरी आणल्यावर मी सुलोचनाबाईंकडे गेलो. शिबिराला त्या गेल्याच नव्हत्या, सोबत यायला कुणाला वेळ नव्हता. मी त्यांना शिबिराला घेऊन गेलो, दिवसभर बाकावर बसलो, पट्टी सुटेपर्यंत जात राहिलो. आता त्यांना पान दिसते.

माझी मते सगळी बदलली असे सांगितले तर ते खोटे होईल. दान हाताने द्यावे असे मला आजही वाटते, आणि कराचा पैसा वाया जाताना पाहून आजही जीव तळमळतो. पण विवरणपत्र भरताना आता मी क्षणभर थांबतो आणि ज्याचे नाव मला कधीच कळणार नाही अशा कुणासाठी तरी प्रार्थना करतो. निधीचे काम मी सोडले नाही. विचारपूसही करतो, फक्त आधी बसायला खुर्ची देतो आणि पाणी विचारतो.

एस्तेर बरी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होते, येशूच्या स्मरणार्थ पाळक प्रत्येकाला भाकरीचा तुकडा देतात तो विधी. आम्ही दोघे पुढे जाऊन शेजारी शेजारी गुडघे टेकले. एवढ्या वर्षांत मी भाकरी चिमटीत धरून घेत आलो होतो. त्या दिवशी पाळक जवळ आले तेव्हा माझे दोन्ही तळवे आपोआप उघडे झाले. त्यांनी तुकडा ठेवला. मी हातातल्या त्या तुकड्याकडे पाहत राहिलो, आणि मागच्या माणसाला जागा द्यायची आहे हे एस्तेरने हलकेच खुणावेपर्यंत मला उठवले नाही.