अर्धं डोकं भादरलेलं असताना ऐकलेला प्रश्न

मंडळी, आज इथे सौदीत, अझीझिया भागात केस कापायला गेलो आणि स्वतःचीच किळस घेऊन परत आलो.

इद्रिसचाचांचं सलून म्हणजे सुदानी लोकांची चावडी. कुठे लढाई पेटली, कोण किती पैसेवाला झाला, सगळ्यावर तावातावाने वाद. आज विषय होता एका बड्या काळ्या अमेरिकन गायकाचा. त्याने मुलींशी घाणेरडे प्रकार केले म्हणे. स्थानिकांनाच नोकऱ्या देण्याच्या सौदीकरणात मोबाईलच्या दुकानातली नोकरी गेलेला उस्मान ओरडत होता, "काळा माणूस श्रीमंत झालेला गोऱ्यांना बघवत नाही! आपण आपल्या माणसाच्या पाठीशी राहायला हवं!"

चाचांनी माझ्या डोक्यावरचं मशीन बंद केलं. "आणि त्या मुली? त्याही काळ्याच ना? मग त्या कुणाच्या?"

मी मान खाली घातली.

गेल्या महिन्यात आपल्याच मराठी मंडळाच्या ग्रुपवर चिपळूणच्या एका नर्सने लिहिलं होतं, "मंडळाच्या शेठनी माझा हात धरला." आपण काय म्हणालो? "घरातलं घरात ठेवा. शेठ आपला माणूस आहे." आणि आता शुक्रवारच्या संमेलनाला प्रमुख पाहुणे कोण, तर शेठ! शिसारी येते.

तिला ग्रुपमधून काढणारा ॲडमिन मीच. ही पोस्ट टाकण्याआधी तिची माफी मागितली, तिला विचारून परत घेतलं. ती वाचतेय.

आता तिच्यासमोर सांगा, आपला माणूस फक्त शेठच कसा?