बोटांवर रेषा उगवेपर्यंत

पॉलिशवाल्याच्या बोटांवर रेषा नव्हत्या. देवाने दिल्या होत्या, नाही असं नाही. पण वर्षानुवर्षं संगमरवर घासताना, ओल्या भुकटीत हात बुडवताना, डाग काढायच्या ऍसिडमध्ये चिंध्या पिळताना त्या फरशीबरोबरच घासल्या गेल्या. मुकादम हातमोजे देत असे. पण बोट फिरवल्याशिवाय फरशी गुळगुळीत उतरली की नाही हे याला कळत नसे, आणि मोजा घालून बोट फिरवण्यात काय अर्थ? "उद्या चोरी केली तर पोलिसांची पंचाईत होईल," असं तो हसत सांगायचा. पंचाईत झाली ती त्याचीच.

त्याचं काम सरहद्दीपलीकडे. बायको तिथल्याच एका इस्पितळात चादरी धुवायची. लेक तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत सहावीत शिकत होती. वडील वारले म्हणून तो एकटाच इकडे आला, दिवसकार्य उरकून परत निघाला, आणि नाक्यावर नव्या यंत्राने त्याला ओळखच दिली नाही. बोटं ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल दिवा. पूर्वीचे कारकून कुरकुरत का होईना, सोडायचे. या वेळच्या तरुण अधिकाऱ्याने त्याचा हात उलटा करून पाहिला.

"कशाने घासलीत?"

"फरशीने, साहेब."

उत्तर खरं होतं, पण साहेबाला ते उद्धट वाटलं. संध्याकाळपर्यंत कागद हातात पडला: ओळख लपवण्यासाठी बोटांचे ठसे मुद्दाम नष्ट केले, सबब पाच वर्षं प्रवेशबंदी. त्याला नाक्यावरच्या आडव्या दांड्याच्या अलीकडे आणून सोडलं. पलीकडे बायको आणि लेक होत्या, आणि अलीकडे थोरल्या भावाचं दोन खोल्यांचं घर.

वकीलबाईंची कचेरी झेरॉक्सच्या दुकानावर होती. बाई तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे टिकणार नाही. त्याच खात्याकडे फेरविचार मागता येईल, पण आपलंच म्हणणं चुकलं असं कोण कबूल करतो? दुसरा रस्ता अपिलाचा. बोटं कामाने झिजलीत असा डॉक्टरांचा दाखला लावायचा, मुकादमाचं पत्र लावायचं. आणि तुम्ही कामाला हात लावायचा नाही. कातडी पुन्हा येते, रेषाही येतात. मग त्यांच्या इथल्या कचेरीत नवे ठसे द्यायचे. तुम्ही तेच तुम्ही, हे दिसलं की बंदी गेली."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तिसरा रस्ता. बायको-मुलीच्या कारणाने सवलत द्या अशी विनंती. पण ती मेहेरबानी असते, हक्क नाही." बाईंनी चष्मा काढला. "आता एक सांगा. यापूर्वी कधी दुसऱ्या नावाने गेला होतात? काही लपवलंय? वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये."

शेजारच्या खुर्चीवर थोरला भाऊ बसला होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"नाही," पॉलिशवाला म्हणाला.

होतं. मिसरूड फुटायच्या वयात तो पहिल्यांदा गेला, तो दादाच्या पासपोर्टवर. गोदामातल्या हंगामाचा परवाना दादाला मिळाला होता आणि निघायच्या आठवड्यात दादाचा पाय मोडला. दोघांचे चेहरे सारखे, घरात खायची मारामार. आईच म्हणाली, तू जा. तेव्हा नाक्यावर त्याने दहाही बोटं टेकवली होती, कोवळी, रेषा अन् रेषा उमटलेली. हंगाम संपवून तो परत आला आणि पुढे स्वतःच्या नावाने रीतसर गेला, तोवर फरशीने आपलं काम सुरू केलं होतं. जुन्या ठशांशी नवे कधी जुळलेच नाहीत. जिच्यापायी आता बाहेर काढला गेला, त्याच झिजेने त्याला इतकी वर्षं सांभाळलं होतं.

जिना उतरताना दादा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या जुन्या गोष्टी कोण उकरतंय?"

मग बोटांची बडदास्त सुरू झाली. वहिनी रोज रात्री कोमट तेल घेऊन बसायची. "भाऊजी, भांड्याला हात लावाल तर खबरदार," म्हणायची. शेजारी चेष्टा करायचे, नवरदेवाची हळद अजून उतरली नाही वाटतं. बसून खाणं त्याच्या रक्तात नव्हतं. घरातली फरशी कुठे खडबडीत दिसली तरी त्याचे हात शिवशिवायचे. लेक फोनवर म्हणायची, "दाखव." तो बोट कॅमेऱ्यासमोर धरायचा. एके दिवशी ती ओरडली, "बाबा, आली! एक रेष आली!" आणि तिच्या मागे बायकोने डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी त्याला दादाच्या नावावरचे ते जुने ठसे आठवले. वकीलबाईंना सांगून टाकावं म्हणून तो झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलाही. पण सांगायचं म्हणजे दादाचं नाव आलं. आणि खरं सांगायचं तर, आपण जिंकत आलोय असंही त्याला वाटायला लागलं होतं. तो तसाच परतला.

ठसे द्यायच्या दिवशी यंत्राचा दिवा पहिल्याच फटक्यात हिरवा झाला. वहिनीने पेढे आणले.

निकाल आला तेव्हा वकीलबाईंनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. "अपील आपण जिंकलो," त्या म्हणाल्या. "बोटं कामानेच झिजली होती, हे त्यांना मान्य आहे. पाच वर्षांची बंदी रद्द." मग दुसरा कागद पुढे सरकवला. "आणि ही नवी. फसवणूक. वीस वर्षं. तुमचे ठसे तुमच्या भावाच्या नावावरच्या जुन्या ठशांशी जुळले."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"त्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी ठसे देऊच दिले नसते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "गुन्हा आपणहून कबूल करून सवलत मागितली असती. कदाचित मिळाली असती, कदाचित नाही. आता तुमच्या परवान्यावर मिळालेले बायको-मुलीचे परवानेही ते काढून घेतायत."

बाईंनी त्या दोघींसाठी वेगळं अपील लावलं. शाळेचे दाखले दिले, शिक्षिकेचं पत्र दिलं, मुलीला दुसरा देशच ठाऊक नाही म्हणून भांडल्या. पदरात पडली ती शालेय वर्ष संपेपर्यंतची मुदत. त्याने रात्री फोनवर बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी लेक झोपलीय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "मला आधी विचारलं असतंत, तर मीही गप्पच बसा म्हटलं असतं." हे तिने त्याला धीर द्यायला सांगितलं की खरंच तसं होतं, ते त्याला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

मुदत संपली तशा दोघी आल्या. तो नाक्यावर घ्यायला गेला. एका घरात झोपायचं, सकाळी लेकीला शाळेत सोडायचं, एवढंच त्याने देवाकडे मागितलं होतं. देवाने दिलं. बायकोने बॅग त्याच्या हातात दिली आणि ती पाणी प्यायला गेली. लेक उंच झाली होती. फोनवर ते कळलं नव्हतं.

"बाबा, माझ्यावर किती वर्षांची बंदी आहे?"

"तुझ्यावर नाही गं. तू काही केलेलं नाहीस. अठराची झालीस की स्वतःचा अर्ज करता येईल, वकीलबाई म्हणाल्या."

ती दांड्यापलीकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती. बेत आखत असल्यासारखी दिसत होती.

"मग मी करणार," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, शाळेतली एखादी शंका विचारावी तसं तिने विचारलं, "त्या अर्जात वडिलांचं नाव लिहावंच लागतं का?"

"लागतं," तो म्हणाला.