टाक्यातला बाप्तिस्मा
ओल्या सिमेंटचा वास आला की मला समुद्रपूरकडच्या आमच्या गावातलं बाप्टिस्ट चॅपेल आठवतं. माझ्या वडिलांनीच गवंडी म्हणून ते मजुरीवर बांधलं होतं. पुढे आईनं बाप्तिस्मा घेतला, वडील मात्र वर्षानुवर्षं मागच्या बाकावर नुसते बसत राहिले. विचारलं की हसून टाळायचे. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आई वारली. त्या उन्हाळ्यात वडिलांचं छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा ते पाळकसाहेबांना म्हणाले, "मले बी बाप्तिस्मा घ्याचा हाय." आमच्यात पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. शनिवारी चॅपेलमधला हौद भरला, पण रविवारी सकाळी पाहिलं तर कोरडा. तळाला चीर गेली होती. आपणच बांधलेल्या त्या हौदाच्या काठावर वडील मान खाली घालून बसले. "देवाले मी नाई पाह्यजे," एवढंच म्हणाले. पाळकसाहेब पुढच्या महिन्याचं बोलू लागले. तेवढे दिवस वडील काढतील असं मला वाटत नव्हतं. तेवढ्यात दारात उभा असलेला शेजारचा बौद्ध शेतकरी म्हणाला, "काऊन असे बसून राह्यले, मिस्त्री? माह्या विहिरीवरचं टाकं भरलं हाय. चाला." सगळी मंडळी गाणं म्हणत तापलेल्या वावरातून निघाली. पाळकसाहेबांनी वडिलांना बुडवून वर काढलं, तेव्हा ते लहान मुलासारखे हसत होते. शेतकऱ्याच्या बायकोनं आपलं धुतलेलं लुगडं त्यांच्या अंगाभोवती गुंडाळलं. दिवाळीआधी ते गेले. आता चॅपेलचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. बाप्तिस्म्यांच्या यादीत ठिकाणाचा रकाना आहे; वडिलांच्या नावापुढे मी त्या शेतकऱ्याचं नाव लिहिलं.