रस्ता दाखवणारी डबी

मोबाइलमध्ये नकाशे यायच्या आधीची गोष्ट. पनवेलच्या एका दुकानात मी गाडीसाठी सीट कव्हर घ्यायला गेलो होतो. काउंटरशी पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, नव्या गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरलेली. त्यांना रस्ता दाखवणारं यंत्र हवं होतं. टाय लावलेला विक्रेता त्यांना गुरुमंत्र दिल्यासारखा सांगत होता, "काका, डॅशबोर्डमध्ये फिक्स घ्या. काचेला चिकटवायची डबी टॅक्सीवाले वापरतात. तुमच्या गाडीला शोभत नाही."

"आदी माजा गाव दाखव," ते म्हणाले.

विक्रेत्यानं दोन्ही यंत्रांत नाव टाकून पाहिलं. दोन्हींत पळस्प्याच्या पुढे नुसता हिरवा पट्टा उमटला. "छोटी गावं नसतात हो. ही नवी टाउनशिप बघा, गेटसकट आहे!"

गृहस्थांचा आवाज चढला. "त्या गेटाखाली आमची भातशेती व्हती. गेट दिसतं, आनि मागं आमी रातो ती घरं नाय?"

"अपडेट येईल, काका," विक्रेता हसून म्हणाला.

गृहस्थांनी डबी उचलली, काउंटरच्या काचेवर दाबून चिकटवली आणि एका झटक्यात उपटली. "ही दे. फिक्सवाली माज्यासंगती दारापर्यंत येल. हिला मी वेशीवर उतरवीन."

ते गेल्यावर विक्रेता माझ्याकडे वळला. "बोला सर, तुम्ही कुठे राहता?"

"तुला काय करायचंय?" मी ओरडलो. मी त्या गेटाच्या आत राहत होतो.