आरतीच्या आधी चालू करायची गाडी

आमच्या गल्लीत लग्न निघालं की माझ्या दाराची कडी वाजायची. एरवी सहसा वाजत नसे. मी प्राथमिक शाळेतली बाई, त्यात एकटी, त्यात तोंडानं जरा तिखट. सहज बसून गप्पा माराव्यात असं माझ्यात काही नव्हतं. पण अंगणात पत्र्याखाली आमची जुनी मोटार उभी असायची, आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या हाताला चालू होत नव्हती. म्हणून लोक यायचे.

मोटार ह्यांनी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. नांदेड माझं माहेर, व्यवहार माझ्या भावानं जुळवलेला, त्यामुळे पुढं गाडीनं जेव्हा जेव्हा दगा दिला तेव्हा बोल माझ्या माहेराला लागला. पहिल्याच खेपेला ती अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर बंद पडली आणि बाजारच्या दिवशी आम्ही दोघांनी ती ढकलली. मी नव्या लुगड्यात. बघणाऱ्यांची चांगली करमणूक झाली, माझी मात्र नाही.

पुढं ह्यांची एक बाजू गेली आणि ते खाटेला खिळले. अंग हलत नव्हतं, पण जीव गाडीत. गाडी नुसती उभी राहिली तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सुकतं, त्याचा चिकटा होतो आणि आतली बारीक भोकं बुजतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी गाडी चालू करायची आणि ते आतल्या खोलीतून आवाजावर हुकूम सोडायचे. "चोक पुरा वढ. आता निम्मा आत घाल. पेट्रोल लई जायलंय, ऐकू येत न्हाई का?" मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मी चिडायची. मग कधीतरी ऐकू यायला लागलं, आणि त्यांच्या आधी माझा हात चोकवर जायला लागला. गाडी चालवायचंही शिकवणार होते, ते राहून गेलं.

ते गेल्यावरही मी रोज सकाळी गाडी चालू करत राहिले. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे, जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी, काढून तोंडानं फुंकायचा. त्या भोकात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. हे मेकॅनिकनं मला बजावलं होतं आणि मी ते कुणालाही बजावायला तयार असायची. फुंकल्यावर जिभेवर दिवसभर पेट्रोल. वर्गातली पोरं नाकं मुरडायची. मी त्यांना पाढे म्हणायला लावायची.

तेव्हा आमच्या लातूरचा नवा जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्या आल्या, साहेब लोक भाड्याची घरं शोधत फिरू लागले. पाऊस तेवढा फिरकला नाही. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळायच्या, आणि त्यात मी. माझ्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर मी रेडिएटरसाठी झाकून ठेवायची. "बाई गाडीला पाणी पाजतात, आपल्याला चहा न्हाई पाजायच्या," असं बायका मला ऐकू जाईल इतपत हळू बोलायच्या. मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं.

तर लग्नाचं असं होतं. आमच्या गल्लीत बहुतेक घरं लिंगायत व्यापाऱ्यांची. नवरदेव घरून निघाला की कोपऱ्यावरच्या मारुतीला जायचा आणि तिथून पुढं नवरीच्या गावाला. नवरदेवाला मोटार हवीच, आणि मोटार म्हटलं की माझी. आता मोटार चालू करणार कोण, तर मी. आणि मी विधवा. ह्यावर गल्लीनं, कुणीही कुणाशी काही न बोलता, तोड काढली होती. मी माझ्या अंगणात गाडी चालू करून द्यायची आणि मागं सरकायचं. मग ड्रायव्हर बसणार, गाडी लग्नघरापुढं जाणार, सवाष्णी गाडीला कुंकू लावणार, आरती ओवाळणार, नारळ फोडणार. गाव सुटेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. म्हणजे माझा हात लागलेलाही नको आणि माझ्या हाताशिवाय चालायचंही नाही, असं दोन्ही साधायचं.

मला हे कळत नव्हतं असं नाही. पण गाडी तापेपर्यंत लग्नघरची माणसं माझ्या अंगणात उभी राहायची. चहा व्हायचा. नवरीकडचे कसे आहेत, जेवणाला काय आहे, सगळं मला सांगायचे. तेवढ्या वेळापुरती मी लग्नातली असायची. त्या वेळासाठी मी गाडी जपत होते, हे आता लपवण्यात काय अर्थ आहे? आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतं, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं.

भर उन्हाळ्यात शेजारच्या अक्कांच्या मुलाचं लग्न निघालं. त्याला पाढे मीच शिकवलेले. नवरी अहमदपूरची. दुष्काळामुळे मांडव बेताचा होता, पण बँड होता. सकाळी मी चोक ओढून गाडी चालू केली, त्यांच्या दुकानाचा ड्रायव्हर शेजारी उभा राहून बघत होता. इंजिन एकसारखं चालायला लागल्यावर मी उतरले. अक्कांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही हाव म्हणून बरं हाय." मी दारात आले आणि वरात गल्लीतून सरकताना बघत राहिले.

बँड मारुतीपाशी पोचला आणि थोड्या वेळानं थांबला. वाजवायचं थांबवलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग स्टार्टरचा आवाज आला. एकदा, परत एकदा, मग लांबलचक. वरातीच्या संथ चालीत, तसल्या उन्हात गाडी तापून बंद पडली होती, आणि ड्रायव्हर सकाळी माझं बघून शिकलेलं तसंच करत होता: चोक ओढून. गार गाडीला चोकनं पेट्रोल वाढवून द्यावं लागतं; तापलेल्या गाडीला चोक ओढला की आधीच जास्त असलेलं पेट्रोल आणखी जातं आणि ती गुदमरते. मला दारातून ऐकू येत होतं.

मी पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात अक्काच आल्या. शालू सावरत, घामानं कुंकू ओघळलेलं.

"बाई, गाडी बसली की हो मारुतीपुढंच. कशी चालू करायची, तेवढं सांगा."

"मी येते ना," मी म्हणाले.

अक्का माझ्या चपलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कशाला उन्हात येताव? नुसतं सांगा. तो करतो."

ऊन त्यांच्याही डोक्यावर होतं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. तिथं नवरदेव गाडीत बसलेला, सवाष्णी आरत्या घेऊन उभ्या, आणि मी त्या सगळ्यांच्या मधून जाऊन पुढच्या सीटवर बसायचं, हे त्यांना कसं चालणार होतं? अंगणातली तोड मारुतीपुढं लागू पडत नव्हती. सांगून येत नाही, हाताला कळावं लागतं, असं मी म्हणू शकले असते, आणि ते खोटंही नव्हतं. मग त्यांना मला न्यावं लागलं असतं.

पण अक्का सारख्या मारुतीकडे वळून बघत होत्या. नवरदेवाची गाडी देवापुढं अडली, म्हणून बायका काय काय बोलायला लागल्या असतील ते मला दारातूनच कळत होतं. ते पोर गाडीत घामाघूम होऊन बसलं असेल. मी आत गेले, एक जुनं फडकं घेतलं आणि प्यायच्या पाण्यात भिजवलं. तेवढंच पाणी घरात होतं.

"हे पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायला सांगा," मी म्हणाले. "इंजिनच्या बाजूला आहे, नळ्या आलेल्या दिसतील. तो तापलाय, गार होऊ द्या. चोकला हात लावायचा नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, वरखाली करायचा नाही, आणि मग स्टार्टर मारायचा. लागली की हळूहळू पाय काढायचा."

अक्कांनी मला सगळं परत म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं. एक चूक केली, ती मी सुधारली. मग त्या फडकं घेऊन गेल्या.

मी दारात उभी राहिले. आधी काहीच आवाज नव्हता, म्हणजे फडकं गुंडाळलं होतं, थांबले होते. शहाणपणानं वागत होते. मग स्टार्टर फिरला आणि फिरत राहिला. मी चौकट धरून उभी होते, आणि मनातून मला काय वाटत होतं ते सांगते: लागू नये असं वाटत होतं. पोराचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. कुणीतरी परत पळत यावं आणि म्हणावं, बाई, चला, तुमच्याशिवाय व्हत न्हाई. एवढ्यासाठी.

गाडी लागली. आधी खोकली, मग व्यवस्थित लागली. बँड सुरू झाला, लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. इंजिनचा आवाज अहमदपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी ऐकत राहिले. चांगला चालला होता. मग घरात आले आणि चपला काढल्या.

त्यानंतर आठवड्याभरात पलीकडच्या आळीत लग्न होतं. सकाळी कडी वाजली. मी चहाचं आधण ठेवलेलं होतं, कप मांडलेले होते. दारात एकटा ड्रायव्हर, अक्कांच्या दुकानाचाच. लग्नघरची माणसं त्यांच्या मांडवातच थांबली होती, त्यांना इकडं यायचं कारण नव्हतं. मी खुंटीवरून किल्ली घेतली आणि पत्र्याकडे निघाले.

त्यानं हात पुढं केला. चांगला माणूस होता, अदबीनं बोलायचा.

"तुम्ही बसा, बाई," तो म्हणाला. "कशाला तरास घेताव? मला जमतंय आता."

मी किल्ली दिली. त्यानं चोक बरोबर ओढला, बरोबर वेळी निम्मा आत घातला, आणि गाडी लागली. ती बाहेर नेताना त्यानं हात जोडले, मीही जोडले. मग मी आत जाऊन आधणाखालचा गॅस बंद केला आणि त्यानं सांगितलं होतं तशी बसले.